‘भोज-१’ यंदा पूर्ण होणारच

१ जुलै, सकाळी ६.१०
नवी वही. दोनशे पानी. आजपासून रोज लिहिणार, खाडा नाही.

परवा देवासला मोरोपंतांच्या पुतण्याचा साखरपुडा झाला. मोरोपंत म्हणजे माझे साडू, सुभद्राच्या थोरल्या बहिणीचे, दुर्गाताईंचे यजमान. चाळीस माणसांसमोर, हातात श्रीखंडाची वाटी धरून हा गृहस्थ म्हणाला, “शरदराव म्हणजे उद्घाटनाचे पाहुणे. नारळ फोडतील, पण इमारत काही उभी राहायची नाही.” चाळीस माणसं हसली. त्यांचं सोडा. जेवायला आलेली माणसं यजमानाच्या कशालाही हसतात. पण सुभद्रा हसली. माझी बायको. पदर तोंडाला लावून हसली, म्हणजे मला दिसू नये म्हणून. मला दिसलं.

इंदूरपर्यंत बसमध्ये एक शब्द बोललो नाही. इंदूर ते धारही बोललो नाही. सरड्यासारखे चेहऱ्याचे रंग बदलत बसलो असेन, कारण तिने विचारलं, अहो, श्रीखंड बाधलं का?

मी अर्धवट सोडतो म्हणे! मी, निवृत्त हेड ड्राफ्ट्समन! जिल्ह्यातल्या निम्म्या तलावांचे नकाशे या हातचे आहेत. तलाव झाले नाहीत, तो खात्याचा दोष. सतारीच्या दोन तारा बसवायच्या आहेत, त्या बसवणारा माणूस वारला. होमिओपॅथीचा कोर्स पोस्टाने बुडवला. गुलाबांना कीड लागली. यात माझं काय?

संकल्प: गेल्या वर्षी आमच्या लेकीने, वल्लरीने, माझ्या साठीला पुण्याहून पाठवलेला जपानी अवकाशयानाचा किट कपाटावर पडला आहे. तो पूर्ण करायचा. गणपतीत देवासच्या मराठी मंडळाचं हस्तकला प्रदर्शन असतं. मोरोपंत तिथे उपाध्यक्ष. त्यांच्या नाकासमोर ठेवायचा. पूर्ण. शेवटच्या स्क्रूसकट.

(किटला स्क्रू नसतात, असं खोक्यावर दिसतं. तरी.)

२ जुलै
खोकं उघडलं. प्लास्टिकच्या चौकटींत अडकलेले २१४ भाग. झाकणावर लिहिलंय ‘१५+’. म्हणजे पंधरा वर्षांच्या पोरांसाठी! संताप आला. साठीच्या बापाला मुलगी हे देते. आता हा किट जसाच्या तसा जोडणं माझ्या प्रतिष्ठेला शोभणार नाही. बदल करून, भर घालून, स्वतःचं डिझाइन करणार.

सूचनांचं पुस्तक चोवीस पानी, सगळं जपानीत. चित्रं आहेत, पण चित्रं मूर्खांसाठी असतात. टेबलावर डाग पडू नयेत म्हणून अंथरलं.

नाव ठरलं: भोज-१. धारचा माणूस दुसरं काय नाव ठेवणार?

११ जुलै
मधले दिवस नियोजन चालू होतं, म्हणून लिहिलं नाही. हा खाडा नव्हे.

भाग चौकटीतून कापायला खास पक्कड लागते, असं व्हिडिओत दाखवतात. विकण्याचे धंदे. मी नेलकटर वापरला. कापलं तिथे प्लास्टिक पांढरं पडलं आणि तीन भाग तुटले. प्लास्टिक हलकं आहे. आजकाल जपानचाही माल तसाच झाला.

वल्लरीचा फोन. सूचना वाचतोस ना बाबा, असं विचारत होती. मी म्हटलं, मी सूचना देणाऱ्यांपैकी आहे. ती गप्प बसली. पटलं असावं.

१४ जुलै, दुपारी
दोन भाग जोडले की मधे शिवण दिसते. ती पुटीने भरायची, वाळली की घासायची, बोट फिरवलं तर कळू नये. हे काम मला जन्मजात येतं. गाडीची पुटी आणि चारशे नंबरचा पॉलिश पेपर आणला. हर्षित, आपल्या बाजारातला ऑटो पेंटवाला, त्याला ‘रेगमाल’ म्हणतो. म्हणो बापडा.

जोरात घासलं. शिवण गेली. उजव्या पंखाचं टोकही गेलं. आता डावंही घासून सारखं करतो.

१५ जुलै
डावं जास्त गेलं. उजवं परत घासलं.

१६ जुलै
भोज-१ आता आखूड पंखांचं यान आहे. अवकाशात हवा नसते, पंख हवेतच कशाला? मुळातलं डिझाइन चुकलं होतं. मी दुरुस्त केलं.

१७ जुलै, सकाळी
किटमधलं मुख्य इंजिन फार मिळमिळीत. मागचं नोझल म्हणजे बाहुलीच्या चहाची कपबशी. मोठे कारागीर काय करतात? घरातल्या वस्तू लावतात. रेझरचा दांडा, पेनाची टोपणं, बंद पडलेल्या रिमोटचं पोट. एका किटमध्ये दुसऱ्याचे भाग बसवतात. त्याला पारखी नजर लागते.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. ओट्यावर कुकर. कुकरवर शिट्टी. जड, गोल, धातूची, खाली निमुळती. अस्सल नोझल! बावीस वर्षं हा कुकर या घरात आहे आणि कुणालाही हे दिसलं नाही. सुभद्राला तर नाहीच.

तात्पुरती घेतली. माप काढून संध्याकाळी परत ठेवणार.

१८ जुलै
शिट्टी यानावर इतकी चपखल बसली की परत ठेवणं हा कलेचा गुन्हा ठरेल. रंग द्यायचा नाही. मुळातच धातू आहे. याला व्हिडिओवाले ‘नॅचरल मेटल फिनिश’ म्हणतात आणि दिवसेंदिवस घासत बसतात. मला तयार मिळालं. सध्या डबल टेपने चिकटवली आहे. इपॉक्सी लावून पक्की नंतर करतो.

सुभद्रा शिट्टी शोधते आहे.

१९ जुलै
अजून शोधते आहे. भांडी घासणाऱ्या अल्पनाला विचारलं. अल्पना रडली. मी दिवाणखान्यातून स्पष्ट शब्दांत सांगितलं की या घरात वस्तू जागेवर ठेवायची कुणालाच शिस्त नाही. कुणीतरी बोलायला हवंच ना.

२४ जुलै
कुकर सुभद्राच्या माहेरचा. त्या मापाची शिट्टी धारला दोन दुकानांत मिळाली नाही. दुकानदार म्हणाले नवा कुकर घ्या. ती म्हणाली, हा आईने दिलेला आहे. आता वरण पातेल्यात शिजतं. दीड तास लागतो. तरी डाळ दाताखाली येते.

आज स्पष्ट सांगितलं, असं कच्चं वरण खाऊन माणूस बारीक काम करू शकत नाही. ती काही बोलली नाही. चूक कळली की बोलत नाही ती.

२९ जुलै
कॉकपिटची काच. पारदर्शक, नाजूक, किटमधला एकमेव बरा भाग. पटकन चिकटणारा गोंद लावला, वर खाण्याचा सोडा भुरभुरला. या युक्तीने क्षणात दगड होतो. झाला. पण त्या गोंदाच्या वाफेने काच आतून पांढुरकी पडली. वैमानिक दिसत नाही. वैमानिक रंगवायला मला चार दिवस लागले होते. डोळ्यांच्या भुवयासुद्धा काढल्या होत्या!

गोंदाच्या ट्यूबवर ही गोष्ट लिहायला नको का? कंपनीला पत्र लिहिणार. खरमरीत.

३० जुलै
पत्राचा मसुदा सुरू केला. ‘महोदय’पर्यंत आला.

विचार केला तर वैमानिक दिसू नये हेच योग्य. लष्करी यान आहे.

६ ऑगस्ट
करड्या प्रायमरचा स्प्रे आणायला हर्षितकडे गेलो. तो म्हणाला, “अंकल, बारिश में मत मारना. हवा में नमी है, सफेदी आ जाएगी.” मी म्हटलं, “भिया, तुम गाड़ियां देखो.” पस्तीस वर्षं शाई वापरलेल्या माणसाला हा नमी शिकवतो.

७ ऑगस्ट
सफेदी आली.

सगळ्या यानावर दुधाची साय. गच्चीत उभा राहून आरडाओरडा केला. समोरच्या गच्चीतली माणसं बघत होती. बघू देत. सुभद्रा वर आली, यानाकडे पाहिलं, म्हणाली, कोरड्या दिवशी परत मारा ना, अजून वीस दिवस आहेत. हिला सगळं सोपं वाटतं! प्रायमरवर परत प्रायमर म्हणजे पत्र्याचे जोड दिसावेत म्हणून यानावर खोदलेल्या सगळ्या रेघा बुजणार. माझ्या रेघा!

तिला हे सांगितलं तर म्हणाली, मग बुजतील. खाली निघून गेली.

१० ऑगस्ट
कोरडा दिवस. परत मारला. रेघा बुजल्या. मी आधीच सांगितलं होतं.

१३ ऑगस्ट
दुर्गाताईंनी प्रदर्शनाचा फॉर्म पाठवला. मराठी मंडळाचा फॉर्म, आणि हिंदीत! विचारलं तर म्हणे हल्लीच्या मुलांना मराठी वाचायला जड जातं. रागाने मी सगळी उत्तरं मराठीत लिहिली, मोडीत लिहिणार होतो पण ती माझीही अर्धी राहिलेली आहे.

नाव: शरच्चंद्र. आडनाव लिहिलं नाही. देवासमध्ये मला ओळखत नाही असा कोण आहे?
वय: काय संबंध? लिहिलं, ‘कलेला वय नसतं’.
साहित्य: इथे खरी गंमत. किट विकतचा आहे हे मोरोपंतांना कळलं तर म्हणतील, तयार माल जोडला. म्हणून किटचा उल्लेखच नाही. लिहिलं: कुकरची शिट्टी, रेझरचे दांडे चार, बॉलपेनाची टोपणं, रिमोटचे आतले भाग, दिवाळीच्या माळेतले दिवे, औषधाच्या बाटलीची बुचं. वाचून परीक्षकांचे डोळे पांढरे व्हायला हवेत.
कुणाची मदत घेतली का: नाही. अधोरेखित.

दिवसभर फार बरं वाटलं.

१९ ऑगस्ट
आता जुनाटपणा. नवंकोरं यान हौशी माणसं बनवतात. खऱ्या यानाने उल्का झेललेल्या असतात. पद्धत अशी: आधी गंजाचा रंग, त्यावर ओल्या बोटाने मीठ, त्यावर वरचा रंग, वाळल्यावर मीठ खरवडायचं. खालचा गंज पोपडे आल्यासारखा दिसतो. सुभद्राचं सैंधव घेतलं. खडे मोठे होते. यानाला देवी आल्यासारखं दिसतं.

आकडे आणि चिन्हं पाण्यात भिजवून सरकवायची असतात, अर्धा मिनिट. मी वाटीत टाकली आणि जरा पडलो. उठलो तर सगळी सुटून पाण्यात तरंगत होती. एकच वाचलं, ते उलटं बसलं. ‘07’ वाटीच्या तळाला चिकटलं, निघत नाही.

२० ऑगस्ट
आज कढी त्याच वाटीत आली. संपवल्यावर तळाला ‘07’. सुभद्राने मुद्दाम दिली असं माझं मत आहे.

२४ ऑगस्ट, सकाळी ९
स्टँडसाठी थर्मोकोलची पाटी कापली. काळा अवकाश दाखवायचा म्हणून स्प्रे मारला. स्प्रेने थर्मोकोल खाल्ला. डोळ्यांसमोर, चुरचुर आवाज करत, भोकंच भोकं.

९.४०
चंद्राचा पृष्ठभाग तयार आहे.

२६ ऑगस्ट
उद्या गणपती. परवा यान देवासला पोचवायचं. राहिलेली कामं: दिवे जोडणे. डाव्या बाजूच्या रेघा परत कोरणे. शिट्टी इपॉक्सीने पक्की करणे. ‘07’ हाताने रंगवणे. तळाला नाव.

खोक्यात २३ भाग उरले आहेत. कंपन्या जास्तीचे देतात.

२८ ऑगस्ट
यान मांडीवर घेऊन बसने देवास. दिवे लागत नाहीत पण दिवसा कोण दिवे लावतं? मंडळात स्वीकारायला दोन मुली होत्या, मोबाइलवर. फॉर्म पाहून आपसात काही बोलल्या आणि मला म्हणाल्या, अंकल, बहुत क्यूट है. क्यूट! लष्करी यान!

मोरोपंत भेटले नाहीत. सनई लावायला गेले होते म्हणे. त्यांनी स्वतः या वर्षी काय ठेवलंय बघितलं. लाकडाचा महादेवाचा रथ, घोटून घोटून गुळगुळीत, एक रेघ वाकडी नाही. निर्जीव काम. पहिलं बक्षीस कुणाला जातं हे आता परीक्षकांच्या अकलेवर आहे.

पण मी पूर्ण केलं. हे लिहून ठेवतो. पूर्ण केलं.

५ सप्टेंबर
बक्षीस समारंभ. सुभद्रा जांभळी पैठणी नेसली होती. म्हणजे तिलाही खात्री होती.

हॉलमध्ये गेल्या गेल्या मोठ्यांच्या टेबलांवर यान शोधलं. नव्हतं. मोरोपंतांचा रथ होता, शेजारी पितळी समया, भरतकाम. अंगातलं रक्त डोक्यात गेलं. चोरलं! व्यवस्थापकाला गाठणार इतक्यात भिंतीकडे दिसलं. कागदी मोर आणि आइस्क्रीमच्या काड्यांच्या घराच्या मधे भोज-१. वर फलक: ‘टाकाऊतून टिकाऊ. वयोगट ८ ते १२.’

त्या दोन मुलींना जाब विचारला. त्या घाबरल्या. एक म्हणाली, उम्र नहीं लिखी थी, और सामान सब पुराना लिखा था, तो हमने सोचा... मी म्हटलं, हा जपानी किट आहे, २१४ भागांचा! ती म्हणाली, पर आपने तो लिखा नहीं.

यान उचलून निघून जाणार होतो. तेवढ्यात माइक सुरू झाला. मी खांबाच्या मागे उभा राहिलो.

परीक्षक बाई बाहेरगावच्या, चष्मेवाल्या. म्हणाल्या, उत्तेजनार्थ बक्षीस कुमार शरच्चंद्र याला. या बाळाने घरातल्या निरुपयोगी वस्तूंतून कल्पकता दाखवली आहे, आणि विशेष म्हणजे, मोठ्यांची कसलीही मदत घेतलेली नाही हे काम बघताक्षणी कळतं.

मोरोपंत बक्षीस द्यायला उभे होते. त्यांना एक क्षण लागला. मग माइक हातात घेऊन म्हणाले, “या, शरदराव. बाळ, लाजू नका.” सगळा हॉल हसला. दुर्गाताई हसल्या. ज्यांच्या पोरांना बक्षीस मिळालं नव्हतं तेही हसले. मी खांबामागेच राहिलो. मी सुभद्राकडे पाहिलं, पदर कुठे जातो ते पाहायला.

पदर खांद्यावरच होता. ती हसली नाही. ती उठली, पैठणी सावरली आणि चालत व्यासपीठावर गेली. यान टेबलावर आणून ठेवलं होतं, मागची बाजू पुढे करून. ती वाकली. शिट्टीवर तिची नजर पडली. सात आठवडे शोधलेली शिट्टी. मी खांब घट्ट धरला.

तिने बक्षिसाचा डबा घेतला. मोरोपंत अजून हसत होते. ती त्यांना म्हणाली, माइक जवळच होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, “भावोजी, नारळ फोडून पळाले नाहीत ते. पूर्ण केलंय त्यांनी.”

मोरोपंतांनी माइक खाली केला. पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

बसमध्ये तिच्या मांडीवर यान होतं. शिट्टीबद्दल एक अक्षर नाही. इंदूरला तिने चहा घेतला, मलाही दिला. साखरपुड्यातलं ते बोलणं तिलाही इतके दिवस आठवत होतं, हे मला बसमध्ये कळलं. खिडकीतून बाहेर बघत बसलो. तोंडातून राग निघेना.

७ सप्टेंबर, सकाळी
बक्षिसाच्या डब्यात रंगीत खडू आहेत. बारा.

दहाच्या सुमारास सुभद्रा टेबलापाशी आली. हात पुढे केला. मी सांगितलं की शिट्टी आता सुटी वस्तू राहिलेली नाही, यानाचा मुख्य आधार आहे, कायमची बसवलेली आहे, काढायला गेलं तर अख्खं यान मोडेल, आणि काम पूर्ण झालं असं परवा तीच चारचौघांत म्हणाली.

तिने दोन बोटांनी धरली आणि ओढली. निघाली.

मागे डबल टेपचा तुकडा लोंबत होता. इपॉक्सीची ट्यूब टेबलावरच, सील न तोडलेली. २६ तारखेला लावायची राहिली होती.

सुभद्राने टेप बघितली, ट्यूब बघितली, माझ्याकडे बघितलं. आणि हसली. खूप हसली. खुर्ची ओढून बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पदर तोंडाला लावला नाही. मला भयंकर राग येणार होता. तोही अर्धवटच राहिला.

आधी अल्पनाला हाक मारून तिने शिट्टी दाखवली. मला अल्पनाची माफी मागायला लावली. मागितली. मग शिट्टी चिंचेने घासली आणि कुकरवर बसवली.

तीन शिट्ट्या झाल्या. वरण मऊ होतं. दोनदा घेतलं.